दगडाखालची माती

वर

महसुली सन, फसली तेराशे पंचावन्न. वैशाख. लोह्यापासून दोन कोसांवरचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला पांढरीचं टेकाड. टेकाडावर एक म्हातारी गोवऱ्या थापत बसलेली.

लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसावं, अशी योजना होती. रात्री कंदील घेऊन टेकाडावर गेलं तर उजेड लोह्याच्या वाटेवरून दिसतो. भरदुपारी गोवऱ्या थापणारी बाई कुणाच्या डोळ्यात भरत नाही. हे डोकं कस्तुराबाईचं.

तिच्या मागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, जमिनीत भोक होतं. खांदे चोरून एक माणूस उतरेल एवढंच. आधी अरुंद मान, मग घागरीसारखं फुगलेलं पोट. दहा हात खोल. पेव. पेवात जवारी. सरकारी लेव्हीच्या, सक्तीच्या धान्यवसुलीच्या, कागदावर न लिहिलेली.

मागच्या साली कस्तुराबाईनं खरं लिहून दिलं होतं. सरकारनं सांगितली तेवढी जवारी चावडीवर घातली. राहिलेली आषाढात संपली. श्रावणात घरात काय शिजलं ते ती सांगत नाही. मुलगा अण्णाराव तेव्हाच नांदेडच्या गिरणीत गेला, तो तिकडेच आहे. घरात आता दोघी. सासू वर. सून खाली.

पेवाचे नियम असतात. उघडलं की एक दिवस आणि एक रात्र तोंड मोकळं ठेवायचं, कारण आतली हवा माणूस खाते. मग दोरानं कंदील सोडायचा. कंदील तगला तर माणूस उतरायचा. आणि उतरलेल्या माणसानं बोलत राहायचं. काहीही. बोलणं थांबलं की वरच्यानं दोर ओढायला घ्यायचा.

तारामती बोलत होती.

"आत्याबाई, ऐकून राहिल्या ना?"

"ऐकून राहिले. बोल."

"काय बोलू? तुमच्या ल्योकाची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली."

"मग माझी सांग."

"तुमची सांगायला बसले तर पेव सरंल, गाऱ्हाणी न्हाई सरायची."

"मेले, खाली हायेस म्हणून तोंड चालून राहिलंय. किती झाली?"

"चार. अर्धी अर्धी. अजून दोन भरते, मग येते वर, दोघी मिळून ओढू."

अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त दोघींना ओढवत नाही, हे मागच्या वर्षी कळलं होतं. तारामती मापट्यानं जवारी पोत्यात ओती. पोतं भरलं की बुचड्यात खोवलेला दाभण काढी, सुतळीनं तोंड शिवी, दाभण परत केसांत. अंग, केस, पापण्या, सगळं पांढुरकं झालेलं.

कस्तुराबाईनं थापता थापता मान वर केली.

लोह्याच्या वाटेवर धूळ नव्हती. धूळ ओढ्याच्या बाजूनं होती, आणि जवळ होती. एक घोडा. घोड्यामागं एक पायी माणूस, डोक्याला सरकारी पगडी.

"तारे. गप."

"आत्ता तर बोल म्हन्ल्या."

"गिरदावर."

खालून दोर ताणला गेला. "मी येते वर."

"आलीस तर पांढऱ्या अंगानं त्याच्या म्होरं उभी राहशील. सोड दोर."

दोर सुटला. म्हातारीनं तो भराभरा ओढून गोवऱ्यांच्या पाटीखाली घातला. पेवाच्या तोंडाशी फरशीएवढा दगड उभा करून ठेवलेला होता. हा दगड उभा करायला दोघं लागतात. आडवा करायला एकटं माणूस पुरतं.

तिनं तो आडवा केला.


तीन हात

तारामती जवारीवर उभी होती. तिचं डोकं दगडाच्या खाली तीन हात. हे तिनं मोजलं नाही, तिला ते माहीत होतं.

अंधार पुरता झाला नाही. कंदील होता. आणि वर, दगड जिथं जमिनीला नीट टेकत नव्हता तिथून, उजेडाचे धागे. पाच-सहा. बारीक.

एक धागा गेला.

तिला वाटलं, म्हातारी त्या बाजूला बसली.

दुसरा गेला. मग तिसरा. रांगेनं. जशी गोलात कुणाची बोटं फिरत जावीत. दगडाच्या कडेनं काहीतरी ओलं दाबल्याचा आवाज. थप. थप. सर्र.

लिंपण.

पेव बंद केलं की शेण आणि राख कालवून सांध लिंपायची. मुंगी जाता कामा नये, पावसाचा थेंब जाता कामा नये. कालवलेलं लिंपण म्हातारीनं संध्याकाळसाठी तयारच ठेवलं होतं. चाळीस वर्षं दगड ठेवला की तिचे हात तेच करत आले होते. डोळे घोड्याकडे, तोंडात रचलेलं खोटं, आणि हात आपलं काम करत होते.

पाचवा धागा.

तारामतीनं तोंड उघडलं. "आत्याबाई, लिंपू नगा," एवढंच म्हणायचं होतं. त्याच वेळी घोडा फुरफुरला, अगदी वर.

तोंड मिटलं.

सहावा. मग दगडावर ओल्या गोवऱ्या पडल्याचा आवाज.


वर (खालून ऐकलेलं)

आवाज दगडातून येत होते, गोधडीतून यावेत तसे.

"काय करून राहिली गं म्हातारे?"

"दिसतंय की. शेणात हात हायेत. या, बसा रेणुकादासराव, तुमच्या बी हाताला काम देते."

कुणीतरी खुसकन हसलं. तो शिपाई असणार, संगप्पा. रेणुकादासराव म्हणजे गिरदावर, महसुलाचा अंमलदार, नांदेडच्या बामणगल्लीतला, आवाज नेहमी थंडीनं बसल्यासारखा.

"संगप्पा, दात आवर. बाई, तुमची पेवं कुठं आहेत?"

"पेवं व्हय? चार साल झाली पाणी शिरून. आता त्यात घोरपडी ऱ्हातात. धरता का एखादी? संगप्पाला लई आवडते म्हणं."

"मस्करी नको. तहसीलदारांना रिपोर्ट आला आहे, या गावात सहा पेवं चोरून भरली आहेत."

"सहा? मग मला बी एखादं दाखवा साहेब, मागच्या श्रावणात लई शोधलं मी."

घोडा पाय बदलत होता. त्याची टाच दगडापासून दोन हातांवर पडत होती, तारामतीला जवारीतून पायाला कळत होतं.

"उठा तिथून."

"उठते की. गुडघे धरलेत, जरा ह्या संगप्पाला हात देऊ द्या. अरं शेणाचा हाय म्हून काय झालं, धर. घरी तुझी माय काय अत्तरानं थापती का?"

एक हाक. एवढंच लागत होतं. एक हाक मारली की हे दोन पुरुष दगड उभा करतील, तिला वर ओढतील. मग जवारी चावडीवर जाईल. म्हातारी लोह्याच्या कोठडीत. आणि श्रावण पुन्हा यायचाच होता.

तिनं ओठ दातांत धरले. ती हाक मारणार नव्हती. हे ठरवायला वेळ लागला नाही, निभवायला लागणार होता.

"घरात कोण कोण आहे?"

"मी न् सून. सून पांढर उकरायला गेली, भिंती सारवायच्यात."

"चला चावडीवर. जबानी लिहून घेतो, अंगठा द्या. मग बघू."

"आता? ह्या उन्हात? इथंच घ्या की अंगठा."

"चावडीवर."

काठी टेकल्याचा आवाज. मग म्हातारी मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की संगप्पानं कानावर हात ठेवला असेल, "आत्ता येते मी! अंगठा द्यायला काय येळ लागतो! आत्ता येते!"

पावलं गेली.


तीन हात

काय आहे?

कंदील. मापटं, लाकडी, कडेला लोखंडी पट्टी. दाभण. सुतळी. चार भरलेली पोती. दोन रिकामी. जवारी.

काय नाही ते तिनं मोजलं नाही.

पहिल्यांदा तिनं कंदील हातात घेतला आणि हळूहळू खाली नेला. छातीशी ज्योत नीट. कमरेशी नीट. मांडीशी ती बारीक झाली, पिवळ्याची लाल. गुडघ्याशी आणली तेव्हा काजळी सोडून थरथरली. तिनं झटकन वर घेतला.

म्हणजे वाईट हवा गुडघ्यापर्यंत आली आहे. पाणी चढतं तशी ती चढणार. तोंड मोकळं असतं तर चढली नसती.

आता कंदील. कंदील तिच्यासारखाच श्वास घेतो. एका जागेत दोघं.

तिनं काच वर केली. एकदा सगळीकडे पाहून घेतलं: पोती उजव्या हाताला, रिकामी त्यांच्यावर, मापटं पायाशी, मान बरोबर डोक्यावर. डोळे मिटून पुन्हा पाहिलं, जमतं का ते. जमलं.

फुंकर मारली.


अंधार

भीती आली. यायचीच. ती छातीवर बसली, आणि श्वास भराभर ओढायला लावला. दहा श्वासांचं काम वीस करत होते.

लहानपणी तिच्या बापाच्या विहिरीत एक म्हैस पडली होती. ती पोहत होती तोवर पोहत होती. मग कुणीतरी वरून ओरडलं, दहाजण ओरडले, आणि ती पाय झाडायला लागली, आणि बुडाली. बाप म्हणाला होता, पाण्यानं न्हाई मेली, गडबडीनं मेली.

तारामती जवारीवर उभी राहिली आणि काहीही केलं नाही.

हे सगळ्यात अवघड होतं.

नाकानं घ्यायचा. तोंड मिटलेलं. सोडताना सावकाश. पाट्यावर वाटणाला एक लय असते, तशी. एक ओढ, एक सोड. छातीवर बसलेलं थोडं सरकलं. उठून गेलं नाही. बाजूला बसलं.

बसू दे.


अडीच हात

वर जायचं. पेवाच्या भिंतीवर चढता येत नाही, पोट बाहेर फुगलेलं, मान आत. जवारीवर ढीग करून चढू म्हटलं तर जवारी पायाखालून पळते. पोतं पळत नाही.

चार पोती. तळाला तीन लागणार, त्यावर दोन, त्यावर एक. म्हणजे सहा.

म्हणजे अजून दोन भरायला हवीत. म्हणजे वाकायला हवं. म्हणजे तोंड वाईट हवेत.

बाई गोदावरीला धुणं धुते तेव्हा कधी एखादा कपडा हातातून सुटतो, खाली जातो. मग दम धरायचा, बुडी मारायची, चाचपायचं, वर यायचं. तसं.

उभं राहून श्वास घेतला. धरला. वाकली. मापटं. एक, दोन, तीन, चार ओतली. उठली. सोडला. घेतला, घेतला, घेतला. धरला. वाकली.

पाचव्या खेपेला चुकली. वाकलेली असताना मापटं निसटलं, शोधता शोधता दम संपला आणि तिनं खालीच श्वास घेतला. आंबट. आत काहीच गेलं नाही असा श्वास. कानात एकदम खूप माणसं बोलायला लागली. गुडघे गेले.

हात मात्र पोत्याला धरून होता. हातानं तिला उभं केलं. तिनं नाही.

उभी राहिली, भिंतीला टेकली. ओकारी आली, आली तशी गिळली.

मग मापटं पायाच्या बोटांनी शोधलं. पायाच्या बोटांनीच उचललं. आधीच तसं करायला हवं होतं.

आणि मग एकदाही चुकली नाही. पोतं शिवायला बसावं लागतं, म्हणून शिवलं नाही; उभ्या उभ्या पीळ देऊन सुतळी आवळली.

तीन ओढून लावली. दोन चढवली. पोतं छातीशी धरून, पोटानं लोटत. पाठीत काहीतरी करकरलं. शेवटचं एक, त्यावर.

आता ती घामानं इतकी भिजली होती की जवारी अंगाला चिकटून राहिली होती. जीभ कोरडी. एकदा वाटलं, बसावं. थोडंसं. पोत्याला टेकून.

झोप येत होती. भर दुपारी, अशा वेळी झोप.

तिनं दाभण काढला आणि मांडीत टोचला.


वर: चावडी

रेणुकादासरावांनी आधी पाणी मागवलं. मग डबा सोडला. नांदेडच्या घरचा डबा, त्यात कैरीचं लोणचं. जबानी लिहिण्याआधी त्यांनी टाकाचं टोक तीनदा पाहिलं.

कस्तुराबाई खांबाला टेकून होती. ती मनात हिशेब करत होती: दगडाच्या सांधेतून वारा जातो. काल दिवसभर, रात्रभर तोंड मोकळं होतं. पोरगी धीराची आहे. घटकाभर काही होत नाही.

"लिहितो: माझे कबजात लेव्हीव्यतिरिक्त धान्य नाही. बरोबर?"

"बरोबर."

"संगप्पा, अंगठा घे."

संगप्पानं शाईची डबी पुढे केली आणि नाक मुरडलं. "आजी, आधी धुवा. शेणानं भरलाय, ठसा न्हाई उठायचा."

तिनं अंगठ्याकडे पाहिलं.

गोवरीचं शेण वाळलं की पिवळट होतं. हे करडं होतं. नखांच्या कडेला बारीक राख. बोटांच्या पेरांवर आडव्या रेघा, सांधेत बोट दाबून ओढलं की उमटतात तशा.

ती पाहत राहिली. दुसरा हात पाहिला. तोही तसाच.

"आजी?"

"मी लिंपलं," ती म्हणाली.

"काय?"

"उठा." ती स्वतः उठली. गुडघ्यांनी या वेळी काहीच म्हटलं नाही. "उठा साहेब. माझी सून मातीखाली हाय. दोन माणसं लागतील, दगड हाय."

रेणुकादासरावांनी टाक खाली ठेवला. "कुठली माती? कसला दगड?"

"चला, दाखवते. सगळं दाखवते. लिहा नंतर, काय लिहायचं ते. आधी चला."

ती वाट न पाहता निघाली. काठी चावडीतच राहिली.


एक हात

सहाव्या पोत्यावर उभी. डोकं पेवाच्या मानेत. मानेत खांदे आवळून धरल्यासारखे, कोपरं वर नेली की खाली येत नाहीत.

पाठ दगडाला लावली. पाय पोत्यात रोवले. जोर.

पोतं दबलं. दगड नाही.

पुन्हा. मानेची शीर तटतटली. दगड नाही.

तिसऱ्यांदा करायची नाही. तिसऱ्यांदा केलं तर अंगात उरणार नाही काही. अंगात किती आहे ते तिला ठाऊक होतं, जसं उतरंडीतल्या मडक्यात किती आहे ते हात घातला की कळतं. अजून थोडं होतं. दगडावर घालायचं नाही.

दगड उचलायचा नाही. दगडाखालची माती काढायची.

दगड तोंडापेक्षा मोठा, सगळीकडून वीतभर बाहेर गेलेला. ती वीतभर माती उकरली की दगडाची कड लागेल. कडेला लिंपण. ओलं असेल अजून. फक्त एकाच बाजूनं उकरायचं. बाकी तीन बाजूंवर दगड राहील.

दाभण रोवला. उकरलं. माती तोंडावर पडली. पांढरीची माती, शंभर वर्षं दाबलेली, दगडाला लाजवेल अशी. दाभणानं सैल करायची, मापट्याच्या पट्टीनं ओढायची. दाभण. पट्टी. दाभण.

डोळे मिटून. उघडून तरी काय.

एक बोट खोल.

दोन.

श्वास आता लहान झाला होता. ओढला की अर्ध्यात

थांबायचा. मग

पुन्हा.

तीन बोटं. एक खापर लागलं, कुणाच्या तरी जुन्या चुलीवरचं. काढलं. खापर दाभणापेक्षा बरं होतं. खापरानं.

चार.

दगड खाली आला. बोटभर. कट्ट असा आवाज, आणि डोक्यावर वजन.

ती गोठली.

एक ओढ. एक सोड.

मग मापटं उलटं करून उकरलेल्या जागेत उभं घातलं, दगडाला टेकू. हलवून पाहिलं. टेकलं. आता मापटं नाही. खापर आणि नखं.

नखांनी.

उजव्या हाताचं मधलं बोट. त्याचं नख गेलं तेव्हा दुखलं नाही, ओलं लागलं. ते ओलं

रक्त होतं. आणि मग दुसरं ओलं

लागलं. गार. वास आला.

शेण.

आयुष्यात शेणाचा वास तिला इतका कधी

बोट बाहेर गेलं.

तिनं बोट काढलं आणि तिथं तोंड लावलं. हवा तापलेली होती, धुळीची होती, तिच्यात घोड्याच्या लिदीचा वास होता. तिनं ती प्यायली. रडू आलं तर ते नंतर. आधी हवा.


एक वीत

भोक बोटाचं. मग मुठीचं. मग डोकं जाईल एवढं. हवा असल्यावर माती नुसती माती असते. किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. दगडाच्या कडेनं ती आधी एक हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून बाहेर आली. चोळी खांद्यावर फाटली. लुगडं गुडघ्याच्या वर खेचलं गेलेलं. ते तिनं आधी नीट केलं.

मग उताणी पडली.

ऊन डोळ्यांवर. पापण्या मिटून लाल.

उठायचं नव्हतं. आणि गावाच्या वाटेवरून आवाज आला.

"अगं तारे! तारे गं! येऊन राहिले मी!"

तारामतीनं मान उचलली. म्हातारी पुढे, पळत, पदर खांद्यावरून गेलेला. मागे संगप्पा, मागे घोडा.

त्यांना घेऊन येत होती. पेवाकडेच. तिच्यासाठी.

तारामतीनं एका क्षणात तीन गोष्टी पाहिल्या: भोक. मोकळी पाटी. बाहेर लोटलेल्या मातीचा ढीग.

ती गुडघ्यांवर आली. गोवऱ्या, ओल्या, अर्धवट थापलेल्या, भोकावर रचल्या. एकावर एक, वाळत घातल्यासारख्या. पाटीखालचा दोर गोवऱ्यांखाली सारला. ढीग ओंजळींनी पाटीत भरला. पाटी डोक्यावर घेतली. टेकाडाला वळसा घालून वाटेवर आली.

पन्नास पावलांवर ते समोर आले.

"कुठं चालल्या, आत्याबाई? अनवाणी?"

कस्तुराबाई थांबली. तिनं सुनेच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे, पाय उलटे तर नाहीत ना असं.

मग फाडकन तिच्या गालात मारली.

"कुठं मेली होतीस!"

"पांढर उकरायला. तुम्हीच तर धाडलं. दरड आली थोडी अंगावर, त्यात येळ गेला."

"दरड आली! मला वाटलं गाडली गेलीस! किती सांगितलं, खाणीच्या आत शिरू नको म्हून! मला मारूनच टाकशील एखाद दिवशी!" आणि म्हातारी खरंच रडायला लागली, नाक-डोळे एक करून, सुनेच्या मातीनं भरलेल्या दंडाला धरून. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

रेणुकादासराव घोड्यावरून उतरले. "दगड म्हणत होतात तुम्ही."

"म्हन्ले असंल. माझं डोकं ठिकाणावर होतं का?"

"दोन माणसं लागतील, दगड आहे, असं म्हणालात. सगळं दाखवते म्हणालात."

"खाण दाखवते की, चला. तिथं दगड बी हायेत, पाहिजे तेवढे न्या."

संगप्पा हसला नाही. तो तारामतीच्या हातांकडे बघत होता. रेणुकादासरावही तिकडेच बघायला लागले. मधल्या बोटाचं नख नव्हतं.

"माती फार घट्ट आहे वाटतं, बाई."

"उन्हानं झालीया, साहेब."

"आणि केसात जवारी?"

वाटेवर सगळे उभे. घोड्यानं शेपटी मारली.

"सकाळी पाखडत होते," तारामती म्हणाली. "शेरभर होती घरात. कागदावर लिहिलेली. मोजायची का?"

तिनं नजर खाली घातली नाही. तेवढा वेळ अंधारात काढल्यावर एका गिरदावराच्या डोळ्यांत बघणं तिला जड गेलं नाही. रेणुकादासरावांनीच आधी नजर हलवली, टेकाडाकडे. टेकाडावर गोवऱ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं, आणि त्यांचा डबा चावडीत उघडा पडला होता.

"गुरुवारी येतो," ते घोड्यावर चढत म्हणाले. "पहारी घेऊन येतो. टेकाड सगळं ठोकून बघणार. आणि म्हातारे, अंगठा राहिला आहे."

"गुरुवारी दोन्ही देते," कस्तुराबाई म्हणाली.


वर

दोघी टेकाडावर बसून राहिल्या, घोडा ओढा उतरून जाईपर्यंत. म्हातारीनं पदराच्या टोकानं सुनेचं बोट बांधलं.

"तू हाक का न्हाई मारलीस गं?"

"तुम्ही का सांगायला गेल्या?"

"मी लिंपलं तारे. ह्या हातांनी."

"बघितलं मी. लई चांगलं लिंपता. एक धागा ठेवला न्हाई."

म्हातारी हसली की रडली ते कळलं नाही. तारामतीनं तांब्याभर पाणी संपवलं, दुसरा संपवला. पोटऱ्या दाबून पाहिल्या. हात उघडून मिटून पाहिले. उजव्याची मूठ वळत नव्हती, डाव्याची वळत होती.

"आज शनवार. गुरवारपर्यंत पेव मोकळं व्हायला पाहिजे. घरात उतरंडीत मावंल तेवढी. उरलेली शेजारच्या नागम्माच्या कडब्यात. तिला बी द्यायची त्यातली, मग ती तोंड उघडणार न्हाई."

"उद्यापासून."

"आजपासून. सहा भरून ठेवलीत."

"तू न्हाई उतरायची. मी उतरते."

"तुम्ही उतरल्यावर तुम्हाला वर कोण ओढंल? ह्या हातानं?" तिनं बांधलेलं बोट दाखवलं. "खाली काम पायांचं हाय. पाय माझे धड हायेत. वर हात लागतात, ते तुमचे हायेत."

कस्तुराबाईनं विचार केला. त्यात खोट सापडेना. ती उठली, गोवऱ्या बाजूला केल्या आणि दगडाच्या कडेला दोन्ही हात घातले.

"धर त्या अंगानं."

"उभा करून ठेवू?"

"उभा न्हाई."

दोघींनी दगड उचलला. एकीचा एकच हात धड, दुसरीचे गुडघे धड नाहीत. उभा झाला, क्षणभर डुलला. म्हातारीनं त्याला खांदा लावला आणि उताराकडे लोटलं. दगड आधी सरकला, मग पडला, मग गडगडत गेला, बाभळीच्या झुडपातून ओढ्याच्या खडकांवर, आणि तिथं दोन तुकडे झाले.

पेवाचं तोंड उघडं राहिलं. आता त्यावर घालायला काही नव्हतं.

"थोडी हवा खेळू दे आत," कस्तुराबाई म्हणाली. "मग घरचा दुसरा कंदील सोडू."

तारामतीनं दोर हातात घेतला आणि तोंडाशी ठोकलेल्या मेखेला गाठ मारायला लागली, डाव्या हातानं आणि दातांनी.